दातांमधली जागा

आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तळापासून दोन वितींवर एक चीर आहे. बोटभर लांब. आता तिच्यावर एम-सीलचा लपका बसलाय, त्यामुळे पाणी गळत नाही. पण पाहुणे गच्चीवर आले की हमखास विचारतात, आणि आई म्हणते, "आमच्या इंजिनिअरला विचारा."

इंजिनिअर म्हणजे मी. मागच्या फेब्रुवारीत मी गच्चीवर बसून चार इंची ग्राइंडरने ॲल्युमिनियमची प्लेट कापत होतो. प्लेट २० एमएम जाड. पहिली पाच-सात मिनिटं बरी गेली. मग आवाज बदलला. मशीन घशात काही अडकल्यासारखं घरघरायला लागलं. कापलं जात नव्हतं म्हणून मी आणखी जोर दिला. त्यानंतर फट्ट असा आवाज झाला, ग्राइंडर हातातून उसळला, आणि टाकीतून पाण्याची धार थेट माझ्या पायावर यायला लागली. चकतीचा एक तुकडा टाकीत गेला होता. तो माझ्या कानापासून किती अंतरावरून गेला असेल याचा हिशोब मी नंतर बऱ्याच रात्री केला.

आवाज ऐकून पप्पा वर आले. आधी त्यांनी प्लग काढला. मग टाकीकडे न बघता खाली बसून ग्राइंडरला चिकटून राहिलेला चकतीचा तुकडा बघितला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला चांदीसारखा चकचकीत थर लिंपून बसला होता.

"उद्या सांगलीला जायचंय," ते म्हणाले. "प्लेट पोत्यात बांध."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण डिग्री मेकॅनिकलची. आमच्या वर्गातले निम्मे तरी असेच असतील. त्याआधीच्या नोव्हेंबरात पुण्यातल्या कंपनीने मला कमी केलं. साडेतीन वर्षांची नोकरी चौदा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये संपली. मी सातारला घरी आलो. घरात सगळ्यांना माहीत होतं, बाहेर मात्र 'वर्क फ्रॉम होम' चालू होतं. रोज दहाला मी लॅपटॉप उघडून बसायचो. शेजारच्या काकूंना खिडकीतून दिसावं म्हणून.

दिवसभर लॅपटॉप उघडाच असल्यामुळे एक नाद लागला. घरच्या घरी छोटा सीएनसी राउटर बनवायचा. लाकडावर अक्षरं कोरणारं, सर्किट बोर्ड कापणारं टेबलावरचं मशीन. मोटर कशा फिरवायच्या याचा कोड मी दोन आठवड्यांत लिहिला. स्क्रीनवर मशीन झकास चालत होतं. आता त्याला फक्त शरीर हवं होतं. दोन्ही बाजूंच्या उभ्या प्लेटा मजबूत हव्यात, नाहीतर कापताना सगळा सांगाडा थरथरतो. म्हणून भोसरीतल्या एका दुकानातून ४०० बाय ३०० एमएमची, २० एमएम जाडीची प्लेट आणली. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे वजन साडेसहा किलोच्या आसपास. साडेतीनशे रुपये किलोने सव्वादोन हजार गेले. पगार नसताना सव्वादोन हजार म्हणजे किती, हे ज्याने घालवलेत त्यालाच कळतं.

मधोमध कापून दोन तुकडे करायचे, एवढंच काम होतं. आधी हॅकसॉने करून पाहिलं. पानं होती इंचाला २४ दातांची, म्हणजे पातळ पत्र्यासाठीची. दहा मिनिटांत दात गुळगुळीत झाले. नुसत्या बोटाने चाचपलं तर दातांमधल्या खाचा ॲल्युमिनियमने भरल्या होत्या. शिवाय हॅकसॉची फ्रेम चार इंच आत गेली की प्लेटच्या कडेला अडते, आणि मला जायचं होतं बारा इंच. मग ग्राइंडर आणला. त्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच.

लाज वाटायचं खरं कारण वेगळं होतं. चकतीवर लिंपून बसलेला तो थर काय असतो, यावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. बिल्ट-अप एज. मऊ आणि चिवट धातू कापताना निघणारा कीस दाब आणि उष्णतेमुळे हत्याराच्या धारेवरच चिकटतो, त्याची खोटी धार तयार होते, मग ती खोटी धार कापायला लागते, म्हणजे खरं तर कापायचं थांबतं आणि घासायला लागते. आकृतीसकट लिहिलं होतं. पाचपैकी साडेचार मिळाले होते.

लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, ॲल्युमिनियमला ६६०. वितळायच्या बरंच आधी ते नरम पडतं. ग्राइंडरच्या चकतीत बारीक खड्यांची गर्दी असते, खड्यांमध्ये जागा नसल्यासारखीच. लोखंडाचा कीस ठिणगी होऊन उडून जातो. ॲल्युमिनियमचा कीस मात्र उडत नाही, तो चकतीच्या अंगात मुरतो. चकती चोंदली की नुसती घासते, घासली की तापते, तापली की आणखी चोंदते. त्यात वरून एखादा शहाणा जोर देत असेल तर चकती फुटते.

हे सगळं मला माहीत होतं. पण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब होता, कानशीने घासून एकमेकांत बसणारे दोन तुकडे करायचे. तो मी केलाच नव्हता. दीडशे रुपये देऊन सीनियरचा तयार जॉब घेतला, त्यावर माझा रोल नंबर ठोकला आणि जमा केला. आमच्या बॅचचे निम्मे जॉब असेच होते. धातूला हात लावायची माझी पहिली वेळ सव्वीस वर्षांनी, गच्चीवर आली.

आमची आजी ॲल्युमिनियमला 'जर्मन' म्हणायची. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. पितळ म्हणजे इज्जत, तांबं म्हणजे देवघर, आणि जर्मन म्हणजे रोजचं, हलकं, पोचे पडणारं. तिला कुणी सांगितलं असतं की फ्रान्सचा तिसरा नेपोलियन बड्या पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटेचमचे द्यायचा, कारण तेव्हा तो धातू अतिशय महाग होता, तर ती हसली असती. १८८६ साली अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने वेगवेगळं बसून विजेच्या जोरावर ॲल्युमिनियम काढायची एकच रीत शोधली आणि भाव कोसळला. बारा वर्षांत, १८९८ मध्ये, मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टनने त्याची भांडी बनवायला सुरुवात केली होती.

आणि धातू तर आमच्या डोक्यावरच आहे. सातारच्या वरचं कासचं पठार जांभ्याचं. ज्या दगडावर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात आणि आपण रील काढायला जातो, त्या जांभ्यात लोखंड आणि ॲल्युमिनियमचीच संयुगं ठासून भरलेली असतात. दक्षिणेला राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला याच जातीच्या पठारातून बॉक्साइट काढतात आणि ते बेळगावच्या कारखान्यात जातं. पृथ्वीच्या कवचात सगळ्यांत जास्त असलेला धातू हाच. फक्त तो मोकळा सापडत नाही. ऑक्सिजनला धरून बसतो, सुटायला तयार नसतो. हवेत ठेवला तर क्षणात पुन्हा ऑक्साइडची पातळ साय धरतो. चिकटणं त्याच्या स्वभावातच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहुलीच्या स्टेशनवरून आम्ही पॅसेंजर पकडली. प्लेट तांदळाच्या पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवली होती. मी पप्पांना विचारलं, "साताऱ्यात एमआयडीसीत कुठेही कापून मिळाली असती की."

"मिळाली असती," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कोरेगाव गेलं, रहिमतपूर गेलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पप्पांनी सातारच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. एमआयडीसीतल्या निम्म्या वर्कशॉपचे मालक त्यांच्या हाताखाली शिकलेले. प्लेट घेऊन गेलो असतो तर कापून मिळालीच असती, पण चहा आला असता, आणि चहाबरोबर प्रश्न आला असता. "पोरगा पुण्याला असतो ना? आज इकडं कसा?" सांगलीत फक्त मामा होते, आणि मामांना सगळं माहीत होतं.

कऱ्हाड सोडल्यावर ऊस सुरू झाला. किर्लोस्करवाडी आली तसे पप्पा सावरून बसले. त्यांच्या पिढीच्या कामगाराला या स्टेशनवर मान ताठ करायची सवय आहे. १९१० साली इथे कुंडल रोड नावाचं एक स्टेशन आणि भोवती निवडुंगाचा माळ होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या त्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला. त्याआधी बेळगावात ते कडबा कापायची यंत्रं करत होते. मग लोखंडी नांगर केला, तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे. सातारला १९२२ मध्ये कूपरांनी कारखाना काढला, त्यांचीही सुरुवात नांगरांनीच झाली. पुढे फाउंड्र्या आल्या आणि या पट्ट्यात ओतकामाची सवय रुजली. सातारा, सांगली असा भेद तेव्हा नव्हताच. १९४९ ते १९६० सांगलीचा जिल्हा 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जायचा. विटा-खानापूरकडची माणसं तर सोन्याचांदीची गलाई करायला पार देशभर पसरली. धातू वितळवणं, ओतणं, घासणं हे आमच्याकडे घराघरांत होतं. माझ्या घरातही होतं. मला मात्र ते पुस्तकातून वाचावं लागलं.

मामांचं वर्कशॉप कर्नाळ रोडच्या बाजूला आहे. ते पॅटर्नमेकर आहेत. फाउंड्रीत वाळूचा साचा करायला आधी वस्तूची हुबेहूब प्रतिकृती लागते, ती म्हणजे पॅटर्न. सागवानात कोरतात, आणि खूप नग काढायचे असतील तर ॲल्युमिनियमचा करतात. मामांच्या भिंतीवर एक पट्टी टांगलेली असते, तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा १० एमएम मोठा. ओतीव लोखंड थंड होताना साधारण तेवढं आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा वाढवून करायचा. ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, तिच्यात १३ एमएम. लहानपणी मला वाटायचं मामांची पट्टी चुकीची आहे.

भिंतीवर दुसरीही एक खूण आहे, छताच्या जरा खाली, तेलरंगाने ओढलेली रेघ आणि '२०१९'. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पूल १९२९ चा आहे, त्याने बरेच पूर पाहिलेत. मामांनी मात्र एवढं पाणी दुकानात पहिल्यांदाच पाहिलं. पाणी उतरल्यावर सागवानाचे पॅटर्न फुगून, पिळवटून निघाले. वीस वर्षांचं काम. गिऱ्हाइकांचे पॅटर्न होते, त्यांना काय सांगायचं? चिखलात हात घालून जे धड निघाले ते ॲल्युमिनियमचे. धुतले, पुसले, फळीवर ठेवले. तेव्हापासून परत परत लागणारा प्रत्येक पॅटर्न मामा ॲल्युमिनियममध्येच करतात.

"दाजी, पोराला घिऊन आलाय व्हय," मामा म्हणाले. त्यांनी पोतं सोडलं, माझा ग्राइंडरचा पराक्रम पाहिला. तीन इंच लांब, जेमतेम आठ एमएम खोल, कडेला वितळून उमटलेले ओघळ. "कापलंय का चावलंय?"

मला वाटलं होतं आता काहीतरी मोठं मशीन दिसेल. पण त्यांनी ज्याच्यावरचं फडकं काढलं तो लाकूड कापायचा साधा बँडसॉ होता. उभा, चौदा इंची चाकांचा. पुरात बुडाला होता, मोटर रिवाइंड केलेली. रंग उडालेला.

"यावर? हे तर लाकडाचं आहे."

"मग? जर्मन लाकडासारखंच कापायचं असतं. लोखंडासारखं कापायला गेलास तर हे असं हुतं."

मग मामांनी मला पान दाखवलं. इंचाला सहा दात. माझ्या हॅकसॉच्या पानाच्या पाव. मला तोपर्यंत वाटत होतं की दात जितके जास्त तितकं काम चांगलं. २० एमएमच्या प्लेटमध्ये २४ दातांच्या पानाचे एका वेळी एकोणीस-एक दात असतात. प्रत्येक दात इवलासा कीस काढतो आणि तो ठेवायला त्याच्यापुढे इवलीशी खाच. प्लेटच्या दुसऱ्या बाजूला बाहेर पडेपर्यंत तो कीस त्या खाचेतच राहायला हवा. माल जाड असेल तर वाट लांब, आणि वाट संपायच्या आधी खाच भरते. भरलेल्या खाचेमागचा दात कितीही धारदार असला तरी कापू शकत नाही, कारण त्याच्यापुढे जागाच नसते. सहा दातांच्या पानाचे मालात एका वेळी चार-पाचच दात असतात. पण प्रत्येकापुढे मोठी, मोकळी खाच. "कमीत कमी तीन दात मालात पायजेत, नायतर हिसके बसतात," मामा म्हणाले. "आणि लई झाले तर चोंदतं. जाड मालाला मोठा दात, पातळ मालाला बारीक. कळलं?"

कळलं. आमच्या भाषेत याला क्यू भरणं म्हणतात. काम करणारे वाढवून उपयोग नसतो, झालेलं काम बाहेर काढायची वाट हवी. हे मी सर्व्हरच्या बाबतीत शंभरदा सांगितलं असेल.

मामांनी बाकावरचं मेण घेतलं. पॅटर्नचे आतले कोपरे गोल करायला ते मेण भरतात, तेच. मशीन हातभर फिरवत पानाला दोन्ही बाजूंनी घासलं. "हातानं हॅकसॉ मारताना रॉकेलचे दोन थेंब चालतात. हितं फिरत्या पानावर रॉकेल नको, मेण बरं. कीस चिकटत न्हाई."

मी बॅगेतून हातमोजे काढले, ग्राइंडरबरोबर मागवलेले. एक घालून झाला होता, दुसरा घालत होतो.

"काढ," पप्पा म्हणाले.

सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलंच वाक्य असेल. मामा मशीनमागे गेले, काहीतरी शोधायला लागले.

पप्पांच्या डाव्या हाताची तर्जनी दोन पेरांनी कमी आहे. मला ती तशीच आठवते. लहानपणी विचारलं की 'मशीनमध्ये गेलं' एवढंच उत्तर असायचं, आणि आई विषय बदलायची. मी विचारणं सोडून दिलं होतं.

"२००३," ते म्हणाले. "१६ एमएमची प्लेट होती. ॲल्युमिनियमच. छोटी गोल करवत, लाकडाचं ब्लेड लावलेलं. त्याचे दात पुढं झुकलेले असतात, माल ओढून घेतात. ॲल्युमिनियमला उभे दात लागतात, नाहीतर थोडे मागं कललेले. मला माहीत होतं. खाचा भरल्या होत्या, आवाज बदलला होता. तोही मला कळला होता." ते थांबले. "शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती. मी ढकललं."

"आणि?"

"प्लेट उसळली. हात वाचला असता. मोजा दातात अडकला, त्यानं बोट आत नेलं."

फिरत्या पात्याजवळ हातमोजा घालायचा नाही, हा नियम वर्कशॉपच्या भिंतीवर पहिल्या क्रमांकावर लिहिलेला असतो. मी त्याच्याखाली उभा राहून रोल कॉलला हजेरी दिली होती.

"मग मला कधी शिकवलं का नाही?"

"शिकवलं असतं तर तू तिथंच गेला असतास," ते म्हणाले. "तू हात काळे करू नयेस म्हणूनच सगळं केलं."

मी मोजा काढला. कुणीच काही बोललं नाही. मामांनी गॉगल आणून माझ्या हातात दिला आणि मशीन चालू केलं.

मधला मोठा काप मामांनी घेतला. मी अपेक्षा केली होती तसा कर्कश आवाज आला नाही. एकसारखा, जाडसर, गिरणीसारखा आवाज. ते प्लेट ढकलत नव्हते, पानाला देत होते. दोन-तीन इंच झाले की जरा मागे घेत, मेण लावत, पुन्हा पुढे. खाली कीस पडत होता, धूळ नाही, तर नखाएवढ्या वळलेल्या चकचकीत चिंध्या. "कीस बघत राहायचं," पप्पा माझ्या कानाशी म्हणाले. "भुकटी पडायला लागली की समज, कापत नाहीये, घासतंय. आणि आवाज. आवाज बदलला की थांबायचं. ढकलायचं नाही." बारा इंच संपायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. शेवटच्या इंचाला मामांनी हात काढून लाकडाच्या ठोकळ्याने प्लेट पुढे सारली.

दोन्ही तुकड्यांचा एकेक कोपरा तिरका कापायचा होता. पहिला मामांनी केला, दुसऱ्याला ते बाजूला झाले. पप्पा माझ्या मागे उभे राहिले, त्यांचा डावा हात माझ्या कोपराला टेकवून, पकडून नव्हे. अर्ध्यात आवाज जरा जड झाला. मला वाटलं माझा भास असेल. कोपरावरची साडेचार बोटं किंचित मागे ओढली गेली. मी थांबलो. मेण लावलं. पुन्हा सुरू केलं. गरम कीस शर्टाच्या गळ्यातून आत गेला आणि चटका बसला, तरी हात हलवला नाही. रेघेपासून माझा काप दीड एमएमने भरकटला होता. मामांनी कानस दिली. "घास आता संध्याकाळपर्यंत. फर्स्ट इयरचा जॉब राहिलाय न्हवं तुझा."

ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली होती ते मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही फार बोललो नाही. प्लेटा पोत्यात होत्या. माझ्या तळहाताला कानशीने फोड आला होता, पप्पांनी तो एकदा बघितला आणि पुन्हा खिडकीकडे वळले. मला नोकरीचा विषय काढायचा होता. मार्चपर्यंत नाही मिळाली तर काय, हे मी तीन महिने कुणाला विचारलं नव्हतं. रोज दहा-दहा अर्ज टाकत होतो, रात्री दोनपर्यंत टेस्ट सोडवत होतो, आणि काहीच पुढे सरकत नव्हतं म्हणून आणखी अर्ज टाकत होतो. आवाज कधीचाच बदलला होता. ताकारी गेल्यावर मी तेवढंच म्हणालो, "थोडे दिवस अर्ज थांबवतो. मशीन पुरं करतो आधी."

"कर," ते म्हणाले.

मशीन अजून पुरं झालेलं नाही. सांगाडा उभा आहे, मोटर फिरतात, कोडमध्ये अपेक्षेप्रमाणे चुका निघाल्या. गेल्या आठवड्यात प्लेटांना बेअरिंगसाठी अचूक भोकं पाडायची वेळ आली. ते काम बँडसॉवर होत नाही, मिलिंग मशीन लागतं. मी सांगलीच्या गाडीचं टाइमटेबल बघत होतो.

"सांगलीला कशाला?" पप्पा म्हणाले. "एमआयडीसीत माझा एक पोरगा आहे, त्याच्याकडं चांगलं मशीन आहे. उद्या जाऊ."

"तिथे विचारतील."

"विचारतील. सांगायचं, नोकरी गेली, घरी मशीन करतोय."

मी कोपऱ्यातलं तांदळाचं पोतं ओढलं आणि प्लेटा त्यात घालायला लागलो.

"पोतं कशाला?" ते म्हणाले. "अशाच घे."